विकू नका, आधी मिनिटं मोजा

मिरजेहून एका ताईंनी विचारलंय: वडील गेले, त्यांच्या मागे एक लोखंडी ट्रंक आणि दोन खोकी भरून जुन्या सिनेमांच्या सीडी-डीव्हीडी राहिल्यात, अडीचशेच्या आसपास. काही कंपनीच्या, काही वडिलांनी स्वतः राईट केलेल्या, वर पेननं नाव लिहिलेल्या. भंगारवाला सगळ्याचे चारशे रुपये म्हणतो. भाऊ म्हणतो, मोबाईलवर सगळं दिसतं, देऊन टाक. मला मात्र हे ठेवावंसं वाटतं, जमलं तर वाढवावंसंही. यातलं मोलाचं काय, ते ओळखायचं कसं, जपायचं कसं आणि नवं शोधायचं कुठं?

ताई, सांगलीत गावभागात बारा वर्षं माझी सीडी भाड्यानं द्यायची लायब्ररी होती. ती बंद केली, पण जुने मराठी सिनेमे जमवायचं सुटलं नाही. आज घरी दोन हजारांवर डिस्क आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. भंगारवाल्याला तूर्त नाही म्हणा. थांबल्यानं तुमचं काही जात नाही, आणि यातली एखादी प्रत एकदा हातची गेली की पुन्हा मिळेलच असं नाही.

आधी वडिलांनी राईट केलेल्या सीडी बाजूला काढा. खालची बाजू निळसर, जांभळट किंवा हिरवट दिसते त्या. कंपनीची सीडी साच्यात दाबून काढलेली असते, तिच्यातली माहिती प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात उमटलेली असते. राईट केलेल्या सीडीत खड्डे नसतात. तिथं रंगाचा पातळ थर असतो आणि रायटरच्या लेसरनं त्यावर डाग पाडलेले असतात. हा रंग उन्हानं, उकाड्यानं, नुसत्या वयानंही विटतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची अशी सीडी आज चालली आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर प्लेअरनं ओळखलीच नाही, असं माझ्याकडे कितीदा तरी झालंय. शिवाय टीव्हीवर लागलेला सिनेमा आधी व्हिडिओ कॅसेटवर घ्यायचा आणि पुढे सीडीवर उतरवायचा, असं त्या काळी बरेच हौशी लोक करत. वडिलांनी तसं काही केलं असेल, तर ती प्रत जगात एकच आहे. म्हणून या निळ्या सीडी याच आठवड्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बाकीच्यांना दोन महिने उशीर झाला तरी चालेल.

आता मोलाचं काय, ते. नवीन माणूस सिनेमांच्या नावांची यादी करतो आणि सीडी मिळाली की नावापुढं खूण करतो. संग्रह असा होत नाही. नाव एकच असतं, प्रती वेगवेगळ्या असतात. आपल्याला जमवायची असते ती पुरी प्रत.

हे मला शिकवलं तासगावच्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांनी माझ्याकडून एक जुना तमाशापट नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून काउंटरवर ठेवला. म्हणाले, "यात सवाल-जवाबाचा दुसरा फड कुठंय?" मी म्हटलं, गुरुजी, सिनेमा एवढाच आहे, दोन सीडींचा. त्यांनी तो लहानपणी यात्रेत, तंबूतल्या टॉकीजला पाहिला होता. तिथंच उभं राहून त्यांनी तो अख्खा सवाल म्हणून दाखवला, ढोलकीच्या बोलांसकट. दुकानातली चार गिऱ्हाईकं ऐकत उभी राहिली. गुरुजींच्या आठवणीत होता तो माझ्या सीडीत नव्हता.

कारण साधं होतं. सिनेमाच्या सीडीला व्हीसीडी म्हणतात. एका व्हीसीडीत ७४ मिनिटं मावतात, फार तर ८०. दोन सीडींची अडीच तासांच्या आसपास मर्यादा. सिनेमा पावणेतीन तासांचा असेल तर तिसरी सीडी घालायची, नाहीतर सिनेमा कापायचा. तिसऱ्या सीडीनं खर्च वाढतो, मग कात्री चालते. आणि ती चालते कुठं? गाण्यावर, लावणीवर, विनोदी पात्राच्या प्रवेशावर, म्हणजे ज्यासाठी लोक तो सिनेमा बघायला जायचे नेमकं त्यावर.

आपली प्रत पुरी आहे का हे बघायला तासगावच्या गुरुजींची गरज नाही. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं ना, आपण ज्याच्यावरून पुढं पळवतो ते? तिथं थांबवा. त्यावर रिळं किती आणि लांबी किती हे लिहिलेलं असतं, मीटरमध्ये, फार जुनं असेल तर फुटांत. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर पळते. प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर असेल तर २७.४ नं भागा: १४० मिनिटं. तुमच्या सीडी मिळून किती भरतात ते बघा.

इथं एक खाचखळगा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या व्हिडिओत मात्र सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणून तिथं सिनेमा चार टक्के लवकर संपतो, आवाजही किंचित चढा लागतो. तो १४० मिनिटांचा सिनेमा पाल सीडीवर १३४ मिनिटांत पुरा होतो, आणि ती प्रत पुरीच समजायची. एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीच्या डिस्कवर मात्र १४० च्या आसपासच यायला हवा. तुमची डिस्क कुठल्या पद्धतीची ते कॉम्प्युटरवर व्हीएलसी या फुकट प्रोग्रॅममध्ये लावून माहिती उघडली की कळतं. चित्राची उंची व्हीसीडीवर २८८ किंवा डीव्हीडीवर ५७६ असेल तर पाल, २४० किंवा ४८० असेल तर एनटीएससी. हिशेब करून पाच-सहा मिनिटं कमी पडली तर समजा एक गाणं गेलं. पंधरा मिनिटं कमी पडली तर एखादं उपकथानकच गेलं.

प्रमाणपत्राचं वर्षही बघा. सिनेमा पुन्हा प्रदर्शित करताना नवं प्रमाणपत्र घेतलेलं असेल, तर त्यावरची लांबी कापलेल्या प्रिंटची असू शकते. कधी व्हिडिओसाठी वेगळं घेतलेलं प्रमाणपत्र असतं, त्यावर मिनिटं असतात. त्याचा मूळ लांबीशी संबंध नसतो.

भावाच्या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. मोबाईलवर दिसतो तो सिनेमा कुठल्या प्रतीवरून चढवलाय हे तपासा. बऱ्याचदा तीच कापलेली टेप असते. वरून, मूळ चित्र जवळजवळ चौकोनी असताना आजच्या आडव्या टीव्हीत भरावं म्हणून वरची-खालची पट्टी उडवलेली असते. श्रेयनामावलीतली वरची-खालची नावं अर्धी कापलेली दिसली, क्लोज-अपमध्ये कपाळ गेलेलं दिसलं, की ओळखा. तुमच्या वडिलांच्या फिकट व्हीसीडीत कदाचित चित्राची अख्खी चौकट शाबूत असेल. चकाचक पण अर्धवट प्रतीपेक्षा मी तरी फिकट आणि पुरी प्रत आधी ठेवतो. जागा असेल तर दोन्ही ठेवतो.

डीव्हीडी म्हणजे नेहमी चांगलीच, असंही धरू नका. व्हीसीडीत चित्राच्या २८८ ओळी, डीव्हीडीत ५७६, हे खरं. पण फिल्मवरून टेप एकदाच केलेली असते आणि दोन्ही तिच्यावरूनच निघतात. टेपमध्येच जे नाही ते डीव्हीडीत कुठून येणार? थ्री-इन-वन डीव्हीडींबद्दल तर माझं मत पक्कं आहे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. त्यात तीन सिनेमे कोंबले की एकाच्या वाट्याला दीड जीबी येतात, म्हणजे जवळजवळ व्हीसीडीइतकेच. नाचाच्या प्रसंगात नऊवारीच्या काठाचे चौकोन चौकोन होतात ते यामुळं. दुसरी प्रत नसेल तरच ती ठेवा.

ओरिजनल कशी ओळखायची? खालची बाजू स्वच्छ चंदेरी हवी. मधल्या भोकाच्या कडेला आरशासारखी गोल पट्टी असते, तिच्यावर यंत्रानं उमटवलेला बारीक नंबर असतो, कधी त्यासोबत आयएफपीआय ही अक्षरं असतात. उन्हात तिरकी धरली की दिसतो. वर चिकटवलेलं कागदी लेबल असेल तर ती घरगुती कॉपी, आणि ते लेबल ओढून काढू नका, खालचा थर त्याबरोबर निघेल. नुसत्या चंदेरी रंगावर मात्र विसंबू नका. पायरसीवालेही साच्यातून काढत. जॅकेटची छपाई, हक्कदाराचं नाव आणि तो नंबर, तिन्ही मिळून ठरवा. नंबर वहीत लिहून ठेवा. तो पुढं कसा कामी येतो ते सांगतो.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली. ज्यांनी कधी सिनेमा विकत घेतला नव्हता त्यांनीही घेतला. जिल्ह्यातल्या घराघरांत आज जे पडलंय त्यात त्या काळातलंच फार आहे. स्वस्त म्हणून टाकाऊ समजू नका. दुर्मीळपणाचा किमतीशी संबंध नसतो, किती जणांनी फेकून दिली याच्याशी असतो.

जपायचं कसं, हे मी पुरात शिकलो. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत सात दिवस पाणी होतं. परत आलो तेव्हा खालचे तीन खण चिखलात होते. पहिल्या दहा-बारा सीडी मी घाईनं टॉवेलनं पुसल्या आणि माझ्या हातानंच घालवल्या. कृष्णेचा गाळ वाळला की त्यातली बारीक वाळू काचकागदासारखी घासते, आणि मी पुसत होतो गोल गोल. सीडीवरची माहिती आतून बाहेर गोल सर्पिल रेषेत असते. आडवा ओरखडा ती रेषा क्षणभर तोडतो आणि प्लेअर चूक दुरुस्त करून पुढं जातो. गोल ओरखडा मात्र रेषेबरोबरच धावतो, मग सलग एवढी माहिती जाते की दुरुस्तीला आधारच उरत नाही.

पुढच्या सगळ्या मग बादलीत स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवल्या, गाळ आपोआप सुटेपर्यंत. मग एकेक धारेखाली धरायची, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ टिपायची आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी वाळवायची. जॅकेटांचा कागद गुळगुळीत असतो. ओला असतानाच सुटा केला तर वाचतो, चिकटलेला वाळला की दगड होतो. बायको आणि मी दोन रात्री जॅकेटं सुटी करून दोरीवर चिमट्यांनी लावत होतो. साडेतीनशेपैकी तीनशेच्या वर सीडी वाचल्या.

तुम्हाला पुराची भीती नसली तरी ट्रंक जमिनीवर ठेवू नका. सीडी पुस्तकांसारख्या उभ्या लावा, आडव्या थप्पीनं वाकतात. मऊ प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये असतील तर काढा, उन्हाळ्यात ते पाऊच सीडीला चिकटतं. पत्र्याच्या छताखालची खोली नको. नाव लिहायचं तर जॅकेटवर लिहा, सीडीवर नको. व्हीसीडीची वरची, छापील बाजू जास्त नाजूक असते, कारण माहिती त्या छपाईच्या लगेच खाली असते. डीव्हीडीत ती प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असते. म्हणून व्हीसीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. छपाईच्या मधून सुईच्या टोकाएवढा उजेड आला, तर तिथला चंदेरी थर गेलेला आहे. अशी सीडी उद्यावर टाकू नका, आजच कॉपी करा. टूथपेस्टनं घासायचा उपाय कुणी सांगेल. करू नका.

आता कॉपीबद्दल. व्हीसीडीतली डॅट फाईल, म्हणजे सिनेमा असतो ती, नुसती ओढून घेता येते, पण एका ठिकाणी अडकली की सगळी कॉपी थांबते. त्यापेक्षा पूर्ण सीडीची प्रतिमा, म्हणजे फाईलच्या रूपातली जशीच्या तशी नक्कल, बिन-क्यू प्रकारात घ्या. व्हीसीडीतला व्हिडिओ ज्या प्रकारच्या खणांत असतो ते आयएसओ या साध्या प्रकारच्या प्रतिमेत नीट बसत नाहीत. डीव्हीडीला आयएसओ चालते. अडकणाऱ्या डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येईल ते घेतो, मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतो. ड्राईव्ह बदलून बघा. एकाला जमत नाही ते दुसरा वाचतो.

इथं तो नंबर कामाला येतो. माझी एक जुन्या मराठी सिनेमाची डीव्हीडी पुरात कडेनं खराब झाली होती. एका थराची, म्हणून शेवटची वीस मिनिटं गेली होती, कारण डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि शेवट कडेला असतो. (दोन थरांची असती तर सिनेमा मध्येच अडकला असता. तिथं पहिला थर आतून बाहेर जातो आणि दुसरा कडेपासून परत आत येतो.) दोन वर्षांनी विट्याच्या एका बंद पडलेल्या लायब्ररीतून तोच सिनेमा मिळाला, मधोमध ओरखडलेला. दोन्ही अर्धमेल्या. पण आतल्या पट्टीवरचा नंबर अक्षर न् अक्षर तोच, म्हणजे एकाच साच्यातल्या बहिणी. माझ्या डिस्कची नोंद ठेवलेली होतीच. तीच नोंद देऊन डीडीरेस्क्यूला दुसऱ्या डिस्कवर सोडलं आणि त्यानं फक्त गेलेल्या जागा भरल्या. रात्री साडेअकराला नोंदीतला शेवटचा रकाना भरला आणि सिनेमा पहिल्यापासून शेवटापर्यंत न अडकता चालला. तेव्हापासून तुटकी, अडकणारी डिस्कही मी नंबर बघितल्याशिवाय सोडत नाही.

या कॉपी घरच्यासाठी. विकायच्या नाहीत, कुठं चढवायच्याही नाहीत. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो आणि त्यातल्या गाण्यांचे, लेखनाचे हक्क वेगळे मोजतात. त्यामुळं 'जुनाच तर आहे' म्हणून मोकळं होता येत नाही.

शोधायचं कुठं? दसऱ्याच्या आधी घरं धुतात, अंथरूण-पांघरूण नदीवर जातं, माळे रिकामे होतात, ते पंधरा दिवस सगळ्यात महत्त्वाचे. मिरज-सांगलीतल्या चार रद्दीवाल्यांना आधी सांगून ठेवा की सीडी फोडू नका, मी किलोच्या भावापेक्षा दोन पैसे जास्त देते. बंद पडलेल्या लायब्रऱ्या आणि जुने केबलवाले गाठा. पुण्याला गेलात तर बुधवार-रविवारचा जुना बाजार, पण सकाळी लवकर. तालुक्याच्या गावांत मला जेवढं मिळालं तेवढं शहरात मिळालं नाही.

शोधताना जोड्या लक्षात ठेवा. कोल्हापुरात १९२९ ला सुरू होऊन १९३३ ला पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीनं बरेच सिनेमे मराठी आणि हिंदी असे दोनदा केले. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' १९३७ चे, 'माणूस' आणि 'आदमी' १९३९ चे, 'शेजारी' आणि 'पडोसी' १९४१ चे. ही भाषांतरं नव्हेत, प्रसंग दोनदा चित्रित झालेत. पुढं १९८२ चे 'उंबरठा' आणि 'सुबह' तसेच. एक असेल तर दुसरं शोधा. शेजारी शेजारी लावून बघण्यात जो आनंद आहे तो ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

परदेशी जुन्या सिनेमांकडे वळलात तर एवढंच लक्षात ठेवा: डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर लागेल हे तिच्या विभागावरून ठरतं. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ आणि ब्लू-रेसाठी विभाग सी आहे. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीची ब्लू-रे विभाग ए ची असते, आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर लागत नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ च्या लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. त्या वाचवून केलेली प्रत २०१५ ला क्रायटेरियननं काढली, ती मी मोठ्या हौसेनं मागवली आणि सर्व विभागांची डिस्क चालणारा प्लेअर मिळेपर्यंत आठ महिने नुसती हातात धरून बघत होतो. आधी प्लेअर, मग डिस्क. ४के ब्लू-रे डिस्कना विभागाचं बंधन नसतं.

राहिला विकण्याचा प्रश्न. डबल निघालेल्या खुशाल विका, त्यापेक्षा दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल करा, पण मिनिटं आणि नंबर दोन्ही जुळले तरच ती डबल समजा. आणि ट्रंकेत नाटकांच्या व्हीसीडी निघाल्या तर त्या कुणाला देऊ नका. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच 'सीतास्वयंवर' केलं, त्यामुळं नाटकाची आवड आपल्याकडे घरोघर आहे आणि अशा सीडी इथंच जास्त निघतात. सिनेमाची निदान कुठंतरी प्रिंट असू शकते, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये असू शकते. नाटकाचं चित्रीकरण बहुधा एका प्रयोगाचं, एकदाच झालेलं असतं आणि त्यातली बरीच नटमंडळी आता नाहीत. निळ्या सीडी उतरवून झाल्या की लगेच नाटकांच्या घ्या, सिनेमे त्यानंतर.